अमोनियाला आवर घालणारं विकर

भुईमुगाचं रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली, की आत गुलाबी गर दिसतो. तिथे रायझोबियम जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात. पण साठून राहिला, तर हाच अमोनिया पेशीला विष! मग रोपातलं ग्लुटामिन सिंथेटेज हे विकर एटीपीची ऊर्जा खर्चून तो ग्लुटामेटला जोडतं आणि ग्लुटामिन तयार होतं.

जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांनी १९३५ मध्ये प्राण्यांच्या ऊतींत हीच क्रिया दाखवली.

माणसाच्या रक्तातला अमोनिया एरवी यकृत काढून टाकतं; ते थकलं, की तो मेंदूपर्यंत पोचतो. तिथल्या तारकापेशी याच विकराने तो पकडतात. पण ग्लुटामिन साठून त्याच फुगतात, आणि रुग्ण बरळू लागतो. यकृताच्या रुग्णाला रात्रीऐवजी दिवसा झोप येऊ लागली, हात थरथरू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.