इंजिन त्यांचं, बेरीज आपली

शून्यावरून ताशी १०० किलोमीटरला किती सेकंद, हे शोरूममधला माणूस न विचारताच सांगतो. पोर्शे ९११ कॅरेराचं उत्तर आहे ४.१. मग कॉफी येते, सीटच्या चामड्याचे नमुने येतात आणि सगळ्यात शेवटी किमतीचा कागद येतो. या गाड्यांबद्दलचे बहुतेक गैरसमज त्या कागदाशीच घुटमळतात.

सगळ्यात जुना समज म्हणजे 'डीलर लुटतो'. २०२४ मध्ये ही कॅरेरा भारतात साधारण दोन कोटींना आली, एक्स-शोरूम. जर्मनीतली किंमत मोबाइलवर काढून लोक हिशेब मांडतात आणि मधला सगळा फरक डीलरच्या खिशात घालून मोकळे होतात. प्रत्यक्षात ही गाडी श्टुटगार्टहून तयार होऊनच येते. बंदरावर उतरतानाची तिची किंमत ४०,००० डॉलरच्या वर असते, म्हणून २०२५ च्या अर्थसंकल्पापासून तिच्यावर ७० टक्के सीमाशुल्क आणि वर ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा अधिभार आहे. सीमाशुल्क १०० वरून ७० वर आलं तेव्हा 'आलिशान गाड्या स्वस्त' असे मथळे झळकले होते. आधीचा बोजा सगळा मिळून ११० टक्के होता. आताही तो ११०च आहे, फक्त कप्पे बदलले. (स्पोर्ट्‌स कार घेणारा शेतीला हातभार लावतो, हे त्याला सहसा ठाऊक नसतं.)

या वाढलेल्या रकमेवर जीएसटी लागतो. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना तो ४० टक्के आहे आणि वेगळा सेस गेला आहे. म्हणजे बंदरावरचे १ लाख सीमेवर २ लाख १० हजार होतात आणि जीएसटीनंतर २ लाख ९४ हजार. यात अजून डीलरचा एक रुपया नाही. कारखान्यातूनच बसून येणाऱ्या जादा गोष्टींनाही हाच गुणाकार लागतो. सिरॅमिक ब्रेक असोत की वेगळ्या रंगाची शिवण, फॉर्मवर खूण करताना त्या खुणेची तिप्पट होते. घासाघीस करायची तर डिस्काउंटपेक्षा या यादीवर करावी, असं माझं मत आहे.

ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी व्यापार करार झाला, तेव्हा 'आता थांबा, निम्म्या किमतीत मिळेल' असं अनेकांनी एकमेकांना सांगितलं. ती सवलत टप्प्याटप्प्याने, ठरावीक संख्येपुरती आणि ब्रिटनमध्ये बनलेल्या गाड्यांना आहे. बोनेटवरचा बिल्ला कोणत्या देशाचा हे तिथे पाहत नाहीत, गाडी कुठे तयार झाली ते पाहतात. बीएमडब्ल्यूची एम२ जर्मन म्हणून विकली जाते खरी, पण बनते मेक्सिकोत, सान लुईस पोतोसीला. करार ब्रिटनचा असो वा युरोपचा, तिला त्याचा उपयोग नाही.

'कंपनीच्या नावावर घे, सगळं वळतं होतं' हा सल्ला देणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. व्यवसायासाठी वापरलेल्या गाडीवर घसारा मिळतो, इतपत तो बरोबर आहे. पण १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट कायद्यानेच अडवली आहे. सूट आहे ती गाड्या विकणारे, प्रवासी वाहतूक करणारे आणि ड्रायव्हिंग शिकवणारे यांना. शिवाय महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या आणि आयात गाड्यांना सरसकट २० टक्के मोटार वाहन कर आहे. त्याची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली. गंमत अशी की दीड कोटीच्या गाडीलाही ३० लाख आणि सहा कोटींच्या गाडीलाही ३० लाखच. कागदावर टीसीएस म्हणून दिसणारा एक टक्का मात्र बुडीत नव्हे, तो आयकराच्या हिशेबात परत धरता येतो.

हे ३० लाख वाचवायला पुदुच्चेरीचा नंबर घेणारेही आहेत. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली, तर तिथला नंबर घ्यावाच लागतो.

पासिंगचं नंतर बघू, तात्पुरत्या नंबरवर काय बिघडतं? या प्रश्नाला पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे उत्तर मिळालं. कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शे टायकानने दोघांचा जीव घेतला. बेंगळुरूहून तात्पुरत्या नोंदणीवर आलेली ती गाडी विजेवर चालणारी असल्यामुळे तिला तेव्हा महाराष्ट्रात रस्ता कर माफ होता. पक्की नोंदणी अडली होती ती १,७५८ रुपयांच्या फीसाठी. मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, ही तरतूद त्याआधी जवळपास पाच वर्षांपासून कायद्यात होती.

विम्याबद्दलचा समज साधा आहे: सर्वसमावेशक म्हणजे सगळं आलं. सर्किटवर गाडी पळवायची हौस असलेल्याने पॉलिसीतला 'वापराच्या मर्यादा' हा परिच्छेद वाचावा. शर्यत आणि वेगचाचणी तिथे स्पष्ट शब्दांत वगळलेली असते. नव्या गाडीची विमा-किंमतही यादीतल्या किमतीतून पाच टक्के कापून धरतात आणि तिच्यात रस्ता कर नसतो. गाडी चोरीला गेली तर भरलेले ते ३० लाखही तिच्याबरोबर गेले. इनव्हॉइसची पूर्ण रक्कम हवी असेल तर जादा हप्त्याचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

पेट्रोलचं एका ओळीत सांगतो. ऑक्टेन वाढलं म्हणून ताकद वाढत नाही, इंजिनात ठोका कमी पडतो, आणि किती ऑक्टेन हवं ते टाकीच्या झाकणामागे लिहिलेलं असतं.

राहिला शेवटचा समज, की आजच्या इंजिनांना रनिंग-इन लागत नाही. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना २,००० किलोमीटरला वेगळी सर्व्हिस असते. इंजिनाचं आणि डिफरन्शियलचं तेल तेव्हा बदलतात. तोवर मिनिटाला ५,५०० फेरे आणि ताशी १७० किलोमीटर ओलांडू नयेत, असं कंपनी सांगते. आपल्या समृद्धी महामार्गावर मर्यादा १२० ची आहे, त्यामुळे ही सूचना पाळायला वेगळे कष्ट नाहीत. मुंबईहून नागपूरला एकदा जाऊन आलं की १,४०० किलोमीटर होतात. उरलेल्या ६०० साठी शिर्डी आहेच.