मुलांचे खेळ आणि वजनाचा जमाखर्च

(प्रशासकीय अधिकारी)

वार्षिक अहवालात माझ्या वाट्याला एरवी ताळेबंदाची पाने येतात. यंदा बालरोग विभागाच्या सूचनेवरून विश्वस्त मंडळाने पालकांसाठी माहितीपर लेख लिहिण्याचे काम माझ्यावर सोपविले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकाचा अधिकार मला नाही. यास्तव वैद्यकीय भाग आमच्या बालरोगतज्ज्ञांकडून समजून व तपासून घेतला आहे. मांडणी मात्र मला परिचित असलेल्या जमाखर्चाच्या भाषेत केली आहे.

बाह्यरुग्ण विभागातील एक दृश्य आता नित्याचे झाले आहे. आठ-नऊ वर्षांचा मुलगा बाकावर बसून मोबाईलवर गेम खेळत असतो. दुसरा हात वेफर्सच्या पुडीत असतो. आत गेल्यावर आई सांगते, "डॉक्टर, हा काही जेवतच नाही." वजनकाटा वेगळेच सांगतो. आई खोटे बोलत नसते. ताटावरचे जेवण तिच्या हिशेबात असते. पडद्यासमोरचे खाणे कोणाच्याच वहीत नोंदले जात नाही.

जमा आणि खर्च

मूल जे खाते ती ऊर्जेची जमा. वाढ, श्वसन, हृदयाचे काम आणि हालचाल हा खर्च. शिल्लक राहिली की शरीर ती चरबीच्या रूपाने साठविते. बसून व्हिडिओ गेम खेळताना शरीर विश्रांतीच्या सुमारे दीडपट ऊर्जा वापरते. पळापळीच्या खेळात हेच प्रमाण चार-पाच पट किंवा त्याहूनही अधिक होते. खर्चाची बाजू अशी आटते.

जमेची बाजूही हलते. डेन्मार्कमधील एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. सरासरी सुमारे सतरा वर्षे वयाच्या २२ निरोगी मुलांना एके दिवशी तासभर व्हिडिओ गेम खेळावयास दिला व दुसऱ्या दिवशी तासभर स्वस्थ बसविले. दोन्ही दिवशी त्यानंतर जेवण दिले. भूक अधिक लागल्याचे मुलांना जाणवले नव्हते. तरी खेळाच्या दिवशी ती सुमारे ८० कॅलरी अधिक जेवली. रोज ८० म्हणजे वर्षाला २९,२०० कॅलरी. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. वजन वाढले की शरीराचा खर्चही वाढतो, त्यामुळे प्रत्यक्ष हिशेब इतका सरळ नाही. परंतु रोजच्या लहान शिलकीतून मोठी रक्कम कशी उभी राहते, हे व्यापाऱ्यांच्या पेठेत वाढलेल्या वाचकास समजावून सांगावयास नको.

तिसरी नोंद झोपेची. रात्री उशिरापर्यंत खेळल्याने झोप तुटते आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी गोड व तळकट खाण्याची ओढ वाढते. ५ ते १३ वर्षांच्या मुलांना ९ ते ११ तास झोप आवश्यक असते.

सर्व दोष गेमच्या खात्यावर टाकणे मात्र अन्यायाचे ठरेल. जर्मनीतील संशोधकांनी २० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा मुलांमध्ये व्हिडिओ गेम व वजन यांचा थेट संबंध जवळजवळ आढळला नाही. म्हणून गेममुळे काय सुटले आणि गेमबरोबर काय खाल्ले, हे पाहणे महत्त्वाचे. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे तिसरी-चौथीच्या १९२ मुलांवरील अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. एका शाळेत आहाराचा वा व्यायामाचा धडा न देता केवळ दूरदर्शन, चित्रफिती व व्हिडिओ गेमचा वेळ कमी करण्यास शिकविले. वर्षाअखेरीस त्या मुलांचे वजन दुसऱ्या शाळेतील मुलांच्या तुलनेत कमी प्रमाणात वाढले होते.

आपल्या मुलांचा प्रश्न वेगळा का?

या विषयात पुण्याचे योगदान जगन्मान्य आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून माता व बालकांचा अभ्यास केला. आपली बालके जन्मतः सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधील बालकांहून बरीच हलकी. परंतु त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी इंग्लंडमधील डॉ. युडकिन यांच्यासमवेत स्वतःचेच छायाचित्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के.

यामुळेच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१५ च्या वाढ-आलेखांत अतिवजनाची रेषा प्रौढांच्या २३ व स्थूलतेची २७ या निर्देशांकाशी जुळविली आहे. आंतरराष्ट्रीय रेषा २५ व ३० या आहेत. आपण ज्याला कौतुकाने 'बाळसे' म्हणतो, ते पाच-सहा वर्षांनंतरही टिकले तर तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३.४ टक्के झाले.

अंगण गेले, त्याचे काय?

आमच्या लहानपणी नारायण पेठेतील वाड्यांच्या चौकांत लगोरी, लंगडी आणि डबा ऐसपैस चाले. लकडी पुलापलीकडच्या डेक्कन जिमखान्यानेच १९१४ साली खो-खोचे नियम सिद्ध केले. आज वाड्यांच्या जागी इमारती आहेत आणि चौकांच्या जागी वाहनतळ. रस्त्यावर मूल सोडावयाची पालकांना भीती वाटते, आणि ती रास्त आहे. मूल आळशी झाले असे म्हणण्यापूर्वी त्याची खेळण्याची जागा आपण मोठ्यांनीच घेतली, हे मान्य केले पाहिजे.

पालकांनी काय करावे?

मुलास दिवसाला सरासरी ६० मिनिटे दमविणारा खेळ मिळावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गेमची वेळ ठरवून द्यावी. पडद्यासमोर खाणे पूर्ण बंद असावे, आणि हा नियम वडीलधाऱ्यांनाही लागू असावा. ३०० मिलिलिटर शीतपेयात सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते, हे ध्यानात ठेवावे. दर सहा महिन्यांनी उंची व वजन आलेखावर नोंदवावे. मानेवर काळपट, मखमली पट्टा दिसल्यास मळ समजून घासू नये. ती इन्सुलिनचे काम बिघडत असल्याची खूण असू शकते. मोठ्याने घोरणे हेही दुर्लक्षू नये. मुलास उपाशी ठेवू नये आणि 'जाड्या' म्हणून हिणवू तर मुळीच नये. हिणवलेले मूल पुन्हा पडद्याच्याच आश्रयास जाते.

शेवटी आमच्या स्वतःच्या वहीतील एक चुकीची नोंद. बालरोग विभागासमोरील उपाहारगृहाच्या करारावर सही माझी होती. वेफर्स आणि शीतपेयांची मांडणी नेमकी मुलांच्या नजरेच्या उंचीवर होती. "आम्ही आत सांगतो आणि तुम्ही बाहेर विकता," असे एका डॉक्टरबाईंनी मला सुनावले. उत्तर माझ्याजवळ नव्हते. महाराष्ट्र शासनाने २०१७ सालीच शालेय उपाहारगृहांतून असे पदार्थ हटविण्याचा आदेश दिला होता. रुग्णालयाने शाळेच्या मागे राहणे शोभणारे नव्हते. नव्या करारात हे पदार्थ वगळले असून त्यांच्या जागी शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचे लाडू, ताक व फळे ठेवली आहेत. त्यामुळे भाड्याचे उत्पन्न घटले आहे. ताळेबंद वाचताना सन्माननीय सभासदांच्या नजरेस ही घट आल्यास तिचे कारण हे आहे. लेखापरीक्षकांच्या भाषेत ती तूट असली, तरी ही तूट विश्वस्तांनी जाणीवपूर्वक स्वीकारली आहे, आणि हितचिंतकांनी तिला मान्यता द्यावी, ही नम्र विनंती.