आधी ऊब, मग पाणी, दाणे शेवटी

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की एकविसाव्या दिवसाकडे घराचं लक्ष लागतं. बहुतेक पिल्लं दिवसभरात बाहेर येतात आणि कोंबडी त्यांना घेऊन चरायला निघते. मागे राहतं ते उशिरा फुटलेल्या अंड्यातलं ओलं, मान टाकलेलं पिल्लू. मग कुणीतरी कळवळून त्याची चोच उघडतं, पाणी ओततं, कणी कोंबतं. पाणी श्वासनळीत जातं आणि उरलीसुरली आशाही संपते.

खरं तर त्या घडीला त्याला दाण्याची निकड नसतेच. जन्माआधी अंड्यातला उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि त्यावर ते दोन-तीन दिवस तगून राहू शकतं. उबवणी केंद्रं एक दिवसाची पिल्लं खोक्यांत भरून दूरदूर पाठवतात, ती याच शिदोरीच्या भरवशावर.

त्याला मारते ती थंडी. पहिले काही दिवस पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही आणि गारठलेल्या पोटात गेलेलं अन्न पचत नाही. म्हणून आधी खोकं आणि बल्ब. पिल्लाच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सियस तापमान हवं. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करावं. थर्मामीटर नसला तरी पिल्लू स्वतःच सांगतं. ते बल्बखाली आक्रसून चिवचिवत असेल तर ऊब कमी, चोच उघडी ठेवून कोपऱ्यात पळत असेल तर जास्त. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको. त्यावर पाय घसरून फाकतात, गोणपाट बरं.

पिल्लू सुकून उभं राहिलं की कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवावा आणि चोचीचं फक्त टोक त्यात बुडवावं. गिळायचं काम त्याचं. भांडं उथळ ठेवून त्यात खडे टाकावेत, नाहीतर अशक्त पिल्लू वाटीभर पाण्यातही बुडतं.

खाणं मात्र शिकवावं लागतं. कोंबडी दाण्यावर चोच मारत पिल्लांना हाका घालते. ती नसेल तर बोटाने टकटक करावी, किंवा सोबतीला एक धट्टंकट्टं पिल्लू ठेवावं. त्याचं पाहून हेही टोचू लागतं. एरवी अशक्ताला गर्दीपासून वेगळं ठेवणंच बरं. नुसत्या कणीवर भागत नाही, तिच्यात प्रथिनं फार थोडी. पिल्लांसाठी मिळणाऱ्या स्टार्टर खाद्यात ती २० टक्क्यांच्या आसपास असतात. ते येईपर्यंत उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून दिला तरी चालतो. शेपटीखाली विष्ठा वाळून वाट बंद झाली असेल तर कोमट ओल्या कापडाने भिजवून काढावी, ओढू नये.

सावरलेलं पिल्लू परत द्यायचं ते रात्री, अंधारात, हळूच कोंबडीच्या पंखाखाली. दिवसा सोडलं तर ती परकं समजून टोचू शकते. बेंबी ओली, सुजलेली किंवा दुर्गंधी येणारी असेल, तर घरगुती उपाय करत न बसता पशुवैद्यकाला दाखवा. पहिल्या आठवड्यातली मानमोडीची लासोटा लसही त्यांनाच विचारून द्या.