जीवाणू आणि विटाळ : रचना, आकार व वर्गीकरण

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह महाड येथील चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तेथील सनातन्यांनी तळे बाटल्याचे ठरवले. १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही आणि मंत्रांचा घोष यांच्या साहाय्याने त्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली. हा प्रसंग आम्ही इतिहासाच्या तासाला वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. एके वर्षी आठवीच्या वर्गातील एका मुलीने विचारले, “मग पाणी खरोखर कशाने खराब होते?” प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकात नव्हते, सूक्ष्मदर्शकाखाली होते. ते उत्तर आमचे माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांच्यापुढे नीट मांडावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम कोणी पाहिले?

जीवाणू प्रथम पाहिले ते कोण्या विद्यापीठातील पंडिताने नव्हे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा अँटनी व्हान लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी होता. लॅटिन ही त्या काळची विद्वानांची भाषा त्याला येत नव्हती. त्याने स्वतः भिंगे घडवून सूक्ष्मदर्शक बनवले. १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून त्याने पाण्यातील अतिसूक्ष्म सजीवांचे वर्णन कळवले. १६८३ साली दातांवरच्या कीटणातील जीवाणूंचे वर्णन केले. विद्वानांनी आरंभी शंका घेतली आणि मग स्वतः पाहून खात्री करून घेतली. सांगणारा कोणत्या कुळातला, हा प्रश्न तेथे गौण होता. सांगितलेले पडताळता येते की नाही, हाच खरा प्रश्न होता. तथागतांनी कालामांना याहून वेगळा मार्ग सांगितला नव्हता.

जीवाणूची रचना

मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू सुमारे २ मायक्रोमीटर लांब असतो. असे ५०० जीवाणू एकापुढे एक मांडले, तर जेमतेम १ मिलिमीटर अंतर भरेल.

जीवाणू हा एकपेशीय सजीव आहे. त्याची रचना समजण्यासाठी वसतिगृहाचे उदाहरण घेऊ. सर्वांत बाहेर आवारभिंत असते, तशी बहुतेक जीवाणूंना पेशीभित्तिका असते. पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाच्या जाळीने ती मजबूत होते आणि जीवाणूला त्याचा आकार देते. भित्तिकेच्या आत पातळ पेशीपटल असते. दारावरच्या पहारेकऱ्याप्रमाणे ते कोणता पदार्थ आत घ्यायचा व कोणता बाहेर सोडायचा हे ठरवते. त्याच्या आत पेशीद्रव्य असते आणि त्यात प्रथिने तयार करणारे रायबोझोम, म्हणजे जणू वसतिगृहाचे स्वयंपाकघर. कार्यालयातील दप्तर म्हणजे डीएनए. माणसाच्या पेशीत हे दप्तर केंद्रकाच्या बंद खोलीत असते. जीवाणूत अशी खोलीच नसते. बहुधा एकच वर्तुळाकार डीएनए पेशीद्रव्यात मोकळा असतो. म्हणून जीवाणूंना आदिकेंद्रकी म्हणतात. याशिवाय प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी वर्तुळे अनेक जीवाणूंत असतात आणि ती एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

काही जीवाणूंभोवती चिकट आवरण असते, काहींना पोहण्यासाठी कशाभिका असतात, तर काहींना पृष्ठभागाला चिकटण्यासाठी बारीक तंतू असतात. धनुर्वाताचा जीवाणू प्रतिकूल काळात कठीण कवचाचे बीजाणू तयार करतो व मातीत वर्षानुवर्षे तग धरतो. मातीत माखलेल्या जखमेनंतर धनुर्वाताच्या लसीचा विचार करावा लागतो, तो यासाठीच.

जीवाणू दुभंगून वाढतात. अनुकूल स्थितीत ई. कोलाय सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतो. हाच वेग टिकला, तर सात तासांत एकापासून २० लाखांहून अधिक जीवाणू होतील. रात्रीचे उरलेले अन्न सकाळी मुलांना का वाढू नये, याचे उत्तर या हिशेबात आहे.

आकार

१८७२ साली फर्डिनंड कोहन या जर्मन शास्त्रज्ञाने आकारावरून जीवाणूंचे गट पाडले. ते आजही उपयोगी पडतात.

गोल जीवाणूंना गोलाणू म्हणतात. ते जोडीने राहिले तर द्विगोलाणू. न्यूमोनियाचा एक प्रमुख जीवाणू असा असतो. माळेसारखे राहिले तर मालागोलाणू. घसा सुजवणारे काही जीवाणू या प्रकारचे. द्राक्षांच्या घडासारखे राहिले तर पुंजगोलाणू. गळू बहुधा यांच्यामुळे होते. काडीसारख्या जीवाणूंना दंडाणू म्हणतात. विषमज्वर, क्षयरोग व प्लेग यांचे जीवाणू दंडाणू आहेत. दुधाचे दही करणारे लॅक्टोबॅसिलसही दंडाणूच. स्वल्पविरामासारखा वाकलेला असतो तो पटकीचा व्हिब्रिओ. मळसूत्रासारखे पीळदार असतात ते सर्पिलाणू. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा जीवाणू असा आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईकरांनी या रोगाचा अनुभव घेतला.

आकारावरून मात्र स्वभाव ठरत नाही. दही लावणारा आणि प्लेग पसरवणारा, दोघेही काडीसारखेच दिसतात.

वर्गीकरण

म्हणूनच शास्त्रज्ञांनी पुढचे निकष शोधले. १८८४ साली डेन्मार्कच्या हान्स ख्रिस्तियन ग्रॅम यांनी रंजनाची पद्धत प्रसिद्ध केली. जाड भित्तिकेचे जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, त्यांना ग्रॅम-धन म्हणतात. पातळ भित्तिका व तिच्याबाहेर आणखी एक पटल असणारे जीवाणू तो रंग सोडतात व नंतर दिलेल्या रंगाने गुलाबी दिसतात, ते ग्रॅम-ऋण. क्षयाच्या जीवाणूची भित्तिका मेणासारखी असल्याने त्याच्यासाठी वेगळी रंजनपद्धती वापरावी लागते. थुंकीच्या तपासणीत तो लाल दिसतो.

दुसरा निकष ऑक्सिजनचा. काहींना तो लागतो, काहींना तो मारक ठरतो, तर काही दोन्ही स्थितींत जगतात. तिसरा निकष पोषणाचा. नील-हरित जीवाणू सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करतात; कुजवणारे जीवाणू मृत अवशेषांवर जगतात; तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम राहतो व हवेतील नायट्रोजन पिकाला मिळवून देतो. रोगकारक जीवाणू या अफाट विश्वात अल्पसंख्य आहेत.

१९७७ साली कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनी रायबोझोममधील आरएनएची तुलना केली. तेव्हा दिसले की जीवाणू समजले गेलेले काही सजीव मुळात निराळेच आहेत. त्यांचा आर्किया हा स्वतंत्र गट झाला. पुरावा समोर आला आणि शंभर वर्षांची विभागणी बदलावी लागली. विज्ञानातील वर्गीकरण तपासता येणाऱ्या गुणधर्मांवर उभे असते, आणि त्यात वरचा-खालचा असा भेद नसतो. जातीची उतरंड या दोन्ही कसोट्यांवर टिकत नाही. ती कोणत्याही गुणधर्मावर उभी नाही, आणि पुरावा समोर ठेवला तरी स्वतःहून बदलत नाही.

रचनेचे ज्ञान आणि औषध

१९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला. हे औषध जीवाणूची भित्तिका बांधू देत नाही. माणसाच्या पेशीला भित्तिकाच नसल्याने ती वाचते. विषाणूंनाही अशी भित्तिका नसते. म्हणून साध्या सर्दीवर प्रतिजैविके घेणे व्यर्थ आहे. ती नको तेथे वापरली वा अर्ध्यावर सोडली, तर दाद न देणारे जीवाणू उरतात व वाढतात, आणि प्रतिकाराची ती शक्ती प्लाझ्मिडांमार्फत इतर जीवाणूंकडेही जाते. क्षयरोगाचे उपचार साधारण ६ महिन्यांचे असतात. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू नयेत, ही आमची पालकांना कळकळीची विनंती आहे.

रोग आणि कलंक

१८७३ साली नॉर्वेच्या हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जीवाणू शोधला. ज्याला पूर्वजन्मीचे पाप म्हणून माणसे गावाबाहेर टाकली जात होती, तो एका दंडाणूमुळे होणारा आणि आज औषधांनी बरा होणारा रोग आहे. १८९४ साली अलेक्सांद्र येरसँ यांनी हाँगकाँगमध्ये प्लेगचा जीवाणू ओळखला. तीनच वर्षांनी पुण्याजवळ, पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्यांना स्पर्श करण्यास समाज कचरत होता, त्यांना त्यांनी उचलून नेले. संसर्ग खरा असतो, त्यासाठी काळजी घ्यावी लागते. विटाळ कल्पित असतो, तो मनातून काढावा लागतो. या दोहोंतील फरक सावित्रीबाईंनी आपल्या आयुष्याने दाखवला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. पाणी माणसाच्या जन्माने खराब होत नाही. विष्ठेतून आलेले पटकीचे, विषमज्वराचे व अतिसाराचे जीवाणू त्यात मिसळले की ते खराब होते. गुरांच्या शेणातही आतड्यातील जीवाणू असंख्य असतात. चवदार तळ्याला आंबेडकरी जनतेच्या ओंजळीने काहीही झाले नव्हते; त्यात जर काही मिसळले असेल, तर ते ‘शुद्धी’ करणाऱ्यांच्या घागरींतून.

पाणी शुद्ध करायचे तर ते उकळावे किंवा त्यात योग्य प्रमाणात क्लोरीन घालावे. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र असते; त्यामागे सूक्ष्म जीवांविषयीची करुणा आहे. पण १-२ मायक्रोमीटरचा सुटा जीवाणू कापडातून निसटतो, म्हणून गाळल्यावर उकळणे आवश्यकच. जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुवावेत. आणि एकाच पिंपातील स्वच्छ पाणी सर्वांनी मिळून प्यावे. आपल्या वसतिगृहात मुले रोज तेच करतात. महाडच्या सत्याग्रहाचे आणि विज्ञानाचेही सांगणे याहून वेगळे नाही.