शेंडा खुडावा, पण कोणाचा?

शहाडच्या बैठ्या चाळींत घरापुढे हातभर अंगण असायचं, तेव्हा कर्दळ छपराला लागली तरी कोणाचं काही अडत नव्हतं. आता मुरबाड रस्त्याच्या बाजूने इमारती झाल्या, बाग गॅलरीच्या ग्रिलमध्ये आली आणि झाडाची उंची हा सोसायटीत भांडणाचा विषय झाला. शेंडा वरच्या मजल्यापर्यंत गेला की जो तो कात्री सुचवतो. कात्री वाईट नाही. पण वर्षानुवर्षं टिकणाऱ्या फुलझाडांच्या उंचीबद्दल आपल्याकडे असे काही समज रुजलेत की पुष्कळ फुलं त्या कात्रीनेच जातात.

सगळ्यांत पक्का समज म्हणजे शेंडा खुडला की कोणतंही झाड बुटकं आणि भरगच्च होतं.

शेवंतीच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं. रोप लावल्यावर महिनाभराने वरची दोन कोवळी पानं धरून शेंडा अंगठा आणि तर्जनीत मोडायचा. कट्‌ आवाज करून तुटला तर वेळ बरोबर, चिवट लागला तर उशीर झाला. आठ-दहा दिवसांत खालच्या पानांच्या बगलेतून हिरवे फुटवे डोकावतात. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरत असतं आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. 1930 च्या दशकात थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी शेंडा कापलेल्या रोपांच्या टोकावर ऑक्झिन लावून पाहिलं, तेव्हा शेंडा नसूनही बाजूचे डोळे फुटले नाहीत. शेवंती, डेलिया, जास्वंद, तगर ही सगळी या नियमात बसतात. ज्यांना खुडत बसायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती अनुसंधान संस्थेने शेवंतीच्या अशा छोट्या जाती काढल्या आहेत, ज्यांना ना शेंडा खुडावा लागतो ना काठी लावावी लागते.

पण सोनटक्का आणि कर्दळ? इथे हा नियम उलटा पडतो. सोनटक्क्याचा एक दांडा आडवा कापून पाहा. पानांची आवरणं एकात एक घट्ट गुंडाळलेली दिसतात आणि त्यांच्या मधून वर चढणारा दांडा टोकाला जाऊन फुलतो. फूल येणार ते टोकालाच. ते टोक खुडलंत तर त्या दांड्याचा हंगाम संपला. बगलेतून फांद्या फुटून तो काही भरगच्च होत नाही. या झाडांची खरी वाढ जमिनीखालच्या कंदात असते. निशिगंधाचंही तसंच, टोकाच्या दांडीवरच फुलं.

मग उंच कर्दळीचं करायचं काय? पहिला तुरा सुकला की फक्त तुराच काढायचा, कारण त्याच्या जरा खालून दुसरा तुरा निघतो. तोही झाला की दांडा जमिनीलगत कापायचा. यानं उंची कमी होत नाही, पण जुने रखडलेले दांडे जाऊन झाड आटोपशीर दिसतं. उंचीच नको असेल तर जात बदलावी. जुनी लाल कर्दळ माणसाच्या डोक्याबरोबर जाते. बुटक्या जाती दोन-तीन फुटांवर थांबतात. जातीशी कात्रीने भांडण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा गैरसमज मोबाइलवरून आलाय. विलायतेत मेअखेरीस, चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनाच्या सुमारास, उंच वाढणारी झाडं निम्म्यावर कापण्याची रीत आहे. ते व्हिडिओ बघून आपल्याकडेही मे महिन्यात कात्री चालते. तिथे तेव्हा वाढ ऐन भरात असते, जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा होतो आणि कापलेलं झाड झपाट्याने भरून येतं. आपल्याकडे मेमध्ये गॅलरीचा पत्रा आणि कठडा तापलेला, कुंडीतली माती दुपारपर्यंत कोरडी. निम्मी पानं काढून घेतलेलं कोवळं रोप तिथे करपतंच. शिवाय आपला सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. दिवस लहान होऊ लागले की शेवंती कळी धरायच्या मागे लागते, त्यामुळे शेंडा खुडायचे आपले महिने जुलै आणि ऑगस्ट. गणपतीनंतरही खुडत राहिलात तर झाड बुटकं राहील खरं, पण तुम्ही खुडलेल्या शेंड्यांत कळ्याच असतील.

उंच वाढलं म्हणजे झाड जोमात आहे, हाही असाच एक समज. जुलैत उल्हास नदीकाठच्या या पट्ट्यात आठवडा-आठवडा ऊन पडत नाही. त्यात समोर इमारत आणि दोन कुंड्यांत वितीचंही अंतर नाही. अशा वेळी रोप उजेडासाठी मान ताणतं: पेरं लांब, दांडा बारीक, पान फिकट. शेजारच्या पानांतून गाळून आलेल्या प्रकाशाचा फरकही झाडाला कळतो आणि ते आणखी उंच होऊ पाहतं. त्यात आपण 'बिचारं अशक्त दिसतंय' म्हणून चमचाभर युरिया टाकतो. नत्र मिळाल्यावर ते आणखी उंच होतं आणि पहिल्या वाऱ्यात कोलमडतं. अशा झाडाला खत नको, कुंड्यांत अंतर हवं, आणि कुंडी कठड्याजवळ सरकवायला हवी.

'नर्सरीत फूटभर होती, घरी आणल्यावर चार फूट झाली, माळ्यानं दुसरंच रोप दिलं' अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा माळ्यानं रोप बदललेलं नसतं. कुंडीत विकायची शेवंती किंवा जास्वंद अनेकदा वाढरोधक देऊन ठेंगणी ठेवलेली असते. पेरांची लांबी वाढवणारं जिबरेलिन झाडात तयारच होऊ नये, असं हे रसायन बघतं. त्याचा असर उतरला की झाड आपल्या मूळ उंचीला जातं. यातलंच पॅक्लोब्युट्राझोल कोकणातल्या हापूसवाल्यांना 'कल्टार' म्हणून पाठ आहे. पावसाळ्यात बुंध्याभोवती देतात, म्हणजे पालवी आवरून मोहोर येतो. आंब्यावर चालतं म्हणून ते गॅलरीतल्या कुंडीत ओतू नये. मात्रा जरा चुकली तर झाड वर्षभर आक्रसून बसतं, आणि ते मातीत दीर्घकाळ राहत असल्याने त्याच कुंडीत पुढे लावलेल्या कोथिंबिरीलाही भोवतं.

रोपांना सारखा हात लावू नये असं घरोघरी सांगतात, त्याचीही गंमत आहे. रोज शेंड्यांवरून हलका हात फिरवला तर रोपं उलट ठेंगणी आणि जाड दांड्याची होतात. वाऱ्यात वाढलेल्या झाडाचंही तेच. 1973 मध्ये मार्क जाफे यांनी या प्रकाराला शास्त्रीय नाव दिलं.

तुळशीबद्दल मात्र रूढी आणि शास्त्र एकाच बाजूला आहेत, तरी काहीजण मंजिरी तोडणं पाप समजतात. मंजिरी वाळेपर्यंत ठेवली की झाड बी धरतं, पानं लहान होतात, दांडे लाकडासारखे कडक होतात आणि तुळस उंच, किडकिडीत होऊन बसते. विठ्ठलाला तुळशीमंजिरी वाहायची तर ती खुडावीच लागते. शहाडच्या बिर्ला मंदिरात विठोबाच्या पायाशी हिरवी मंजिरी नेणाऱ्याच्या घरची तुळस दाट राहते ती त्यामुळेच. द्वादशीला नाही खुडली तरी झाडाचं काही बिघडत नाही.

राहिली जास्वंद. गणपतीच्या तोंडावर छाटली की भरपूर फुलं येतात, हा समज दर श्रावणात नव्याने उगवतो. जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं हे खरं, पण ती फूट वाढून कळी धरायला साधारण दोन ते अडीच महिने द्यावे लागतात. पहिल्या पावसाच्या आगेमागे, उघडीप बघून, डोळ्याच्या जरा वर तिरका छेद घ्यावा आणि जाड फांदी असेल तर तोंडाला बोर्डो पेस्ट लावावी, नाहीतर पावसात बुरशी धरून फांदी खालपर्यंत सुकते. तारीख मात्र दरवर्षी पंचांग बघून मागे मोजायची. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती 14 सप्टेंबरला आली, म्हणजे छाटणीला अडीच आठवडे जास्त.