गोळीचं खरं नाव

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेलेल्या आमच्या बोईसरच्या शेजारच्या काकूंना तिथे ताप भरला. सोबत नेलेल्या क्रोसिनने उतरेना, म्हणून जावयाने टायलेनॉल आणली. काकू दोन्ही गोळ्या घेणार, तोच लेकीने डबी वाचली. ‘असिटामिनोफेन’! म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच. अमेरिकेत त्याला हेच म्हणतात. अशी दुप्पट मात्रा दिवसभर पोटात गेली, तर यकृतावर बेततं.

मैत्रिणींनो, आपल्या तारापूरच्या कारखान्यांत औषधांची रसायनं बनतात, आणि आपल्याला मात्र गोळीचं मूळ नाव ठाऊक नसतं! कंपनीने दिलेलं नाव देशागणिक बदलतं. तेव्हा परदेशी निघताना डॉक्टरांकडून मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेली चिठ्ठी घ्या. गोळ्या सुट्या करू नका, पाकिटातच न्या. चिठ्ठी पासपोर्टशेजारी असू द्या!