गावच्या बियाण्यांची काचपेटी गावातच बनवा



ग्रामपंचायतीत किंवा शाळेत गावच्या जुन्या वाणांची कणसे मांडून ठेवावीत, अशी हौस अलीकडे बऱ्याच गावांना झाली आहे. हौस चांगली आहे. पण काचेची पेटी कशी करावी हे सांगण्याआधी ती कशी करू नये हे सांगतो, कारण तो धडा मी स्वतः घेतला आहे आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली आहे.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष होते. आपला सोलापूर जिल्हा म्हणजे रब्बी ज्वारीचे आगर. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ आजही शेतात उभी आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा तालुक्याच्या प्रदर्शनात ज्वारीची शोकेस हवीच, असे ठरले. निधी होता, पण मार्चअखेर जवळ आली होती. मार्चअखेर म्हणजे काय, हे पंचायत समितीत बसणाऱ्यांना वेगळे सांगायला नको! वखारीतून आंब्याच्या ताज्या फळ्या आणल्या, आठ दिवसांत पेटी ठोकून घेतली, लोखंडी बिजागऱ्या लावल्या, काच बसवली, वर चकचकीत व्हार्निश मारले. फोटो छान आले.

त्या पेटीसाठी मी गावोगाव फिरून कणसे गोळा केली होती. एका वस्तीवर एका आजींकडे कुचकुचीची कणसे मिळाली. कुचकुची ही हुरड्याची ज्वारी. तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांनी आगटीभोवती बसून ती खाल्ली असेल. आजींच्या घरात चुलीच्या धुरावर आढ्याला बांधलेली तीनच कणसे उरली होती. त्या म्हणाल्या, "साहेब, घ्या, पण पेरणीच्या आत माझं बी मला परत द्या." मी हो म्हणालो.

मे महिन्यात फळ्या वाळल्या आणि पाठीमागची फळी उभी तडकली. दाराची चौकट पिळवटली, तिच्याबरोबर काचेला कोपऱ्यातून चीर गेली. पावसाळ्यात बिजागऱ्या गंजल्या. आंब्याच्या लाकडातून पिठासारखा भुसा गळू लागला आणि चिरांतून आत शिरलेल्या सोंड्यांनी कणसांचा फडशा पाडला. पेरणीच्या तोंडावर पेटी उघडली तर आजींच्या कणसांना नुसती टरफले. धुरावर ज्यांना काही झाले नव्हते, ती कणसे काचेत गेली. आजी मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

आता दुसऱ्या पेटीकडे वळू. ती २०२४ च्या मे महिन्यात केली. गावातल्याच सुतारमामांनी लाकूडकाम केले आणि सत्तरी ओलांडलेल्या एका चर्मकार आप्पांनी चामड्याचे काम केले.

लाकूड जुनेच बरे

मामांनी पहिलीच अट घातली, "नवं लाकूड आणायचं न्हाई." पाडलेल्या वाड्याच्या दाराची सागवानी फळी त्यांनी निवडली. पन्नास-साठ वर्षे वाळलेले लाकूड आणखी काय आकसणार? ओली फळी वाळताना लांबीत जवळजवळ कमी होत नाही, पण रुंदीत होते. दहा इंच रुंदीची ओली फळी सहज दोन सूत, म्हणजे पाव इंच आत येते. खिळ्यांनी तिला चारी बाजूंनी जखडले असेल तर तिला सरकायला वाव नसतो, मग ती मधोमध फुटते. आमच्या पहिल्या पेटीचे तेच झाले.

जुने दार घेतले तर रंधा मारण्यापूर्वी त्यातले खिळे बारकाईने शोधून काढा, एक खिळा राहिला तरी रंध्याचे पाते गेलेच म्हणून समजा. जुना रंग खरवडताना तोंडाला फडके बांधा. जुने लाकूड नसेल तर शिवण किंवा कडुनिंब चालेल, मात्र फळ्या पाडल्यावर त्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, किमान वर्षभर वाळू द्या. आणि बांधावरचे सागाचे झाड आपलेच आहे म्हणून परस्पर तोडू नका. त्याला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. ग्रामपंचायतीच्या पेटीसाठी विनापरवाना झाड तोडले, असे व्हायला नको.

पेटीचे माप ३० इंच रुंद, २० इंच उंच व ५ इंच खोल. बाजूच्या पट्ट्या पाऊण इंच जाडीच्या. कोपऱ्यांना खिळे नाहीत. एका पट्टीला कुसू काढायचे, ते दुसरीच्या भोकात बसवायचे, वरून लाकडी खुंटी ठोकायची. पाठीच्या फळीला चौकटीत आतून खाच पाडली आहे. फळी त्या खाचेत नुसती सरकवायची, तिला सरस नाही, फेव्हिकॉल नाही, खिळा नाही. उन्हाळ्यात ती आकसेल, पावसाळ्यात फुगेल, तिचे ती बघून घेईल. आत पातळ पट्ट्यांचे आठ कप्पे केले, वर चार, खाली चार. काच तीन मिलिमीटरची. यापेक्षा जाड घेतली तर दार जड होते.

व्हार्निशऐवजी मामांनी बेलतेलाचे दोन हात फडक्याने दिले आणि प्रत्येक हातानंतर चार-चार दिवस वाळू दिले. एक सूचना, तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा, मग टाका.

चामडे कशाला?

हा प्रश्न मलाही पडला होता. शोभेसाठी असेल असे वाटले. आप्पा म्हणाले, "शोभा मागनं येती. आधी सांगा, ही पेटी कशातनं न्येनार?" आमच्या पेट्या जीपच्या मागे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कधी एसटीच्या टपावरून फिरतात. लोखंडी बिजागरी खडखडते आणि प्रत्येक धक्का काचेला देते. चामडे धक्का पिते. शिवाय गंजत नाही. म्हणून बिजागरी, दोन्ही बाजूंच्या मुठी, आठही कोपऱ्यांच्या टोप्या, काचेच्या कडेखालची पट्टी आणि कणसे अडकवायचे फासे, एवढे सगळे चामड्याचे केले.

चामडे घेताना ते बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेले घ्या, कोल्हापुरी चपलेला वापरतात तसले. कारखान्यात क्रोमने कमावलेले चामडे मऊ असते, पण ताणते, त्याची बिजागरी लोंबते. सालीने कमावलेले चामडे ओले करून कोपऱ्यावर दाबून बांधले की वाळल्यावर तोच आकार धरते. आप्पांनी टोप्या अशाच बसवल्या, रात्रभर दोरीने आवळून ठेवल्या. आमचे चामडे म्हशीचे होते आणि त्याची पावती आम्ही फाईलला लावली आहे. २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, तेव्हा शासकीय खर्चाच्या कामात माल कुठला, याची नोंद असलेली बरी.

बिजागरीची एक युक्ती लक्षात ठेवा. दार डाव्या-उजव्या बाजूने उघडणारे केले तर सगळे वजन चामड्यावर तिरके येते आणि वर्षभरात दार खाली बसते. म्हणून आप्पांनी चौकटीच्या वरच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन इंच रुंदीची एकच सलग पट्टी लावली. दार वर उचलून उघडायचे. वजन सगळ्या लांबीवर सारखे वाटले जाते.

आणि चुका? चुका पितळीच हव्यात. साल-हिरड्याच्या चामड्यात तुरटपणा असतो. त्याला ओलाव्यात लोखंड लागले की काळा डाग पडतो. जुनी शाई हिरडा आणि हिराकस घालून करत, तोच हा प्रकार. पुढे त्या डागाभोवती चामडे ठिसूळ होऊन फाटते. पितळी चुका थोड्या महाग, पण एका पेटीला लागतात किती!

मुठी मात्र चुकांवर ठेवल्या नाहीत. लाकडाला गिरमिटाने आरपार भोके पाडून त्यातून वादी ओवली आणि आतून गाठ मारली. मुठीची शिवण आप्पांनी मेण लावलेल्या दोऱ्याने, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी टाका घालत केली. एक टाका तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मोटेला असाच टाका घालायचे, असे त्यांनी सांगितले. पोरवयात वडिलांबरोबर त्यांनी मोटा शिवल्या होत्या. मग इंजिने आली, विजेचे पंप आले, मोट गेली आणि मोटेबरोबर ती शिवण्याचे कामही गेले. रापी आणि आरी त्यांनी तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. आमच्या कामासाठी ती बाहेर निघाली तेव्हा आरीच्या मुठीवर बोटांचे खळगे पडलेले दिसले.

इथे ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक विनंती आहे. सुतारमामांची मजुरी आपण ठरवतो आणि चर्मकारबाबांना "गावचंच काम आहे, करा की" म्हणतो. हे बरोबर नाही. बलुते कधीच संपले. आम्ही दोघांनाही रोजाच्या एकाच दराने पैसे दिले, मामांना पाच दिवसांचे, आप्पांना चार दिवसांचे. लाकूड, काच, चामडे, पितळ मिळून बाकीचा खर्च मजुरीपेक्षा कमी आला. बाजारातली अॅल्युमिनियमची शोकेस याहून स्वस्त मिळेल, ते खरे. पण तिची बिजागरी मोडली तर दुरुस्त करणारा गावात नसतो.

आत ठेवण्याआधी

कणसे चांगली तीन-चार उन्हे दाखवून, पूर्ण थंड करून मगच आत ठेवा. गरम कणीस काचेत बंद केले तर आत दव धरते. प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. निळ्या दाण्यांची असेल तर ते गुलाबी झाले की बदलायची वेळ झाली, असे समजा. काही जण चुनकळी ठेवायला सांगतात. ती ओल शोषते हे खरे, पण शाळेत नको, पाणी पडले तर ती उकळते आणि पोरांचे हात भाजतात. पेटी भिंतीला चिकटवू नका, मागे दोन बोटे जागा सोडा. खिडकीच्या उन्हात तर मुळीच नको.

पावसाळ्यात चामड्यावर पांढरी बुरशी येते. घाबरू नका, कोरड्या फडक्याने पुसा आणि करंजाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. फाशांना मात्र तेल लावू नका, ते दाण्यांना लागते.

आता मुद्द्याची गोष्ट. काचपेटी म्हणजे बियाण्याची बँक नव्हे. उजेडात, उष्णतेत ठेवलेल्या दाण्याची उगवणशक्ती दिसत नाही, पण दर वर्षी घटत जाते. तीन-चार वर्षांनी कणीस तसेच देखणे राहील आणि पेरले तर निम्मेही उगवणार नाही. म्हणून पेटीत एक कणीस ठेवाल, तर त्याच वाणाच्या चार ओळी कुणाच्या तरी शेतात दर वर्षी उभ्या राहिल्या पाहिजेत. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती बी पेरून राखल्याबद्दल, मांडून ठेवल्याबद्दल नव्हे. ज्वारी बरीचशी स्वतःच्याच परागाने फळते, पण शेजारच्या वाणाची भेसळ थोडी होतेच. बियाण्यासाठी ठेवायच्या दहा-पंधरा कणसांना फुलोऱ्याआधी कागदी पिशवी बांधा. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून मोजा, पंचाहत्तरपेक्षा कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवा. आणि वाण खरोखर तुमच्या गावचा, पिढ्यांचा असेल, तर २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याखाली शेतकऱ्याच्या नावे त्याची नोंद करता येते. शेतकऱ्याला त्याची फी नाही. अर्ज भरायला अडचण आली तर कृषी विभागात विचारा.

राहिल्या आजी. त्यांच्या नणंदेच्या गावी कुचकुचीचे एक कणीस आहे, असे त्यांनीच मला शोधून सांगितले. मी ते आणले आणि या वेळी काचेत ठेवले नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात आजींच्याच विहिरीजवळच्या तुकड्यात चार ओळी टोकल्या. पाखरांनी थोडे नेले, तरी फेब्रुवारीत पायलीभर बी हाती आले. ते सगळे आजींच्या मडक्यात गेले आणि एकच कणीस त्यांनी माझ्या हातावर ठेवले.

आता दर साल सुगीनंतर त्या स्वतः ग्रामपंचायतीत येतात, पेटीचे दार वर उचलतात, गेल्या वर्षीचे कणीस फाशातून काढून नवे अडकवतात. जुने कणीस त्या घरी कोंबड्यांना नेऊन टाकतात.